एन्डॉस्मॉसिस म्हणजे आतला रेटा

'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' वाचताना आपली पोरं एका जागी हमखास ठेचकाळतात. मीही ठेचकाळलो. जात मोडून तुम्हाला कसला समाज पाहिजे, या प्रश्नाचं उत्तर बाबासाहेब तिथं देतात. स्वातंत्र्य, समता, बंधुता. त्यातली बंधुता समजावताना ते सांगतात की समाज हलता पाहिजे, एका टोकाला काही बदललं तर ते दुसऱ्या टोकापर्यंत पोचवणारे पाट पाहिजेत, माणसांनी एकमेकांचं सुखदुःख जाणून वाटून घेतलं पाहिजे, भेटीगाठीच्या जागा मोकळ्या पाहिजेत. इथवर डोक्यात शिरतं. मग हे सगळं एका शब्दात गोळा करायचं म्हणून ते जो शब्द टाकतात, त्यानं डोळे पांढरे होतात. सोशल एन्डॉस्मॉसिस.

पुढच्याच ओळीत लोकशाही हा ओळखीचा शब्द येतो. त्याला धरून माणूस पुढं सरकतो आणि मागचा शब्द तिथंच पडून राहतो. मीही दोनदा असाच पुढं गेलो. तिसऱ्यांदा लाज वाटली. खिशातल्या डिक्शनरीत तो नव्हता. एका प्राध्यापकाला विचारलं. तो हसला, म्हणाला, "अरे साधं अभिसरण रे. मिसळणं." आणि गेला चहाला. नंतर एका सभेत एक सदगृहस्थ हाच शब्द घेऊन उभे राहिले आणि त्याचा अर्थ त्यांनी समरसता असा सांगितला. तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली. आपला शब्द आपल्याला नीट कळला नाही की तो दुसऱ्याच्या घरी नांदायला जातो.

बाबासाहेब शोभेसाठी शब्द वापरणारे नव्हेत. हे भाषण लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेलं. १९३६ च्या मे महिन्यात अधिवेशन व्हायचं होतं. मसुदा वाचून मंडळवाल्यांचे हातपाय गार पडले. हे गाळा, ते सौम्य करा, अशी पत्रं सुरू झाली. बाबासाहेबांनी कळवलं, एक स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. अधिवेशन रद्द झालं. मग त्यांनी भाषण स्वतःच्या पैशानं छापलं. १५ मे १९३६ ची प्रस्तावना आहे. १५०० प्रती दोन महिन्यांत खपल्या. आता जो माणूस एका स्वल्पविरामासाठी अध्यक्षपद सोडतो, तो बंधुतेच्या व्याख्येत एवढा मोठा शब्द उगाच ठेवील का?

म्हणून मी त्या शब्दाच्या मागं लागलो. गाव शोधत गेलो तर तो निघाला फ्रान्सचा.

आन्री द्युत्रोशे नावाचा एक फ्रेंच डॉक्टर होता. जन्म १७७६ चा. सैन्यात डॉक्टरकी करून आलेला, नंतर झाडं आणि प्राणी यांच्या अभ्यासात बुडालेला. त्याला कोडं पडलं होतं की झाडाच्या मुळातलं पाणी वर चढतं कसं, जिवंत शरीरात द्रव हलतात कसे. त्यानं कोंबडीच्या आतड्याचा एक तुकडा घेतला, त्यात दाट द्रव भरला, तोंड बांधलं आणि पाण्यात सोडला. काही वेळानं आतडं टम्म फुगलं. वजन केलं तर वाढलेलं. म्हणजे बाहेरचं पाणी कातडी ओलांडून आत शिरलं. त्यातला बारीकसा भाग उलटाही आला, आतला द्रव थोडा थोडा बाहेर पाझरला. पण आत जाणारा ओघ जोरकस. १८२६ च्या सुमाराला त्यानं दोन्हींना नावं ठेवली. आत जाणारा तो एन्डॉस्मोज, बाहेर येणारा तो एक्सॉस्मोज. पुढं त्यानं काचेची नळी आणि तिच्या बुडाला बांधलेला पडदा असं यंत्रही केलं, त्यात पाणी किती चढलं ते मोजता येई. सुरुवातीला त्याला वाटलं की ही सगळी विजेची करामत आहे. ते चुकलं. पण नाव टिकलं. १८५४ साली थॉमस ग्रॅहॅम नावाच्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानं पुढचं शेपूट कापून नुसतं ऑस्मोज केलं, त्याचंच पुढं ऑस्मॉसिस झालं. आज शाळेच्या पुस्तकात ते परासरण या नावानं आहे, आणि एन्डॉस्मॉसिसला अंतःपरासरण. हे दोन्ही शब्द मी शाळेत पाठ केले होते बरं का. पण तो शब्द आणि हा शब्द एकच, हे मला कुणी सांगितलं नाही. विज्ञानाच्या तासाला बाबासाहेब नसतात आणि जयंतीला विज्ञान नसतं.

द्युत्रोशेच्या आधीही, १७४८ मध्ये, नोले नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं हीच गंमत पाहिली होती. दारूच्या अर्कानं भरलेल्या भांड्याचं तोंड त्यानं डुकराच्या मूत्राशयाच्या कातड्यानं बांधलं आणि भांडं पाण्यात बुडवलं. कातडं फुगून वर आलं. डुकराचं मूत्राशय, कोंबडीचं आतडं! ज्या वस्तू सोलायचं आणि साफ करायचं काम इथं आपल्या लोकांच्या गळ्यात मारलं आणि त्याच कामासाठी त्यांना विटाळ ठरवलं, त्याच वस्तू हातात धरून तिकडं शास्त्र उभं राहिलं. इथल्या पंडिताला हा शोध लागला नसता, कारण त्यानं आतड्याला हातच लावला नसता. असो.

घरी करून बघायचं असेल तर मूठभर मनुका पाण्यात टाका. रात्रीत फुगतात. हे एन्डॉस्मॉसिस. उलटं बघायचं असेल तर लोणच्याच्या कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवा, पाणी सुटतं. आम्ही विहारात मनुकांचा प्रयोग केला, पोरांना दाखवायला. सकाळी एका पोरीनं फुगलेल्या मनुका खाल्ल्या आणि वाटीतलं पाणीही पिऊन टाकलं. म्हणाली, "पाणीपण गोड लागतंय की." तिच्या एवढ्या बोलण्यानं मला द्युत्रोशेचा उलटा ओघ समजला. दोन्हीकडून चालतं. फक्त सारखं चालत नाही.

आता शब्दाची फोड. ग्रीक भाषेतून केलेला शब्द. एन्डॉन म्हणजे आत. ऑस्मॉस म्हणजे ढकलणं, रेटणं. आतला रेटा! हे कळलं त्या रात्री मला झोप नाही. मिसळणं नाही, विरघळणं नाही, पाझर नाही. रेटा. हा तर आपल्या मोर्चातला शब्द. प्राध्यापकाच्या 'अभिसरण'मध्ये हा रेटा कुठं होता?

पण लगेच उड्या मारू नका, मीही आधी मारल्या आणि मग खाली बसलो. बाबासाहेबांनी शब्द ग्रीक कोशातून उचललेला नाही. तो त्यांच्याकडं गुरूकडून आला, आणि गुरूकडं येईपर्यंत तो प्रयोगशाळा सोडून तत्त्वज्ञानात हिंडत होता. बर्गसाँनं १८८९ च्या पुस्तकात तो काळ आणि जाणीव यांबद्दल बोलताना वापरला. अमेरिकेतल्या विल्यम जेम्सनं १९०९ मध्ये वापरला. तिथं त्याचा अर्थ एकमेकांत शिरणं एवढा झाला होता. मग १९१६ मध्ये जॉन ड्यूईचं 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' आलं. त्याच्या सातव्या प्रकरणात ड्यूईनं या शब्दाला सोशल हे विशेषण जोडलं आणि तो माणसांच्या समाजाला लावला. १९१३ ते १९१६ बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात होते, ड्यूईच्या वर्गात बसले होते. त्यांची या पुस्तकाची खुणा केलेली प्रत मुंबईत सिद्धार्थ कॉलेजच्या संग्रहात आहे.

ड्यूई काय म्हणतो ते माझ्या भाषेत सांगतो. समाजाचे मालक आणि अंकित असे दोन तुकडे केले की मधली येजा थांबते. एकीकडून नुसते हुकूम जातात, दुसरीकडून नुसतं ऐकणं येतं. खालच्याचं नुकसान तर उघड दिसतं. पण वरचाही सडतो, त्याचं सडणं फक्त दिसत नाही. त्याची विद्या वांझ होते, त्याची कला नुसती दिखाऊ होते. आणि मग तो प्लेटोची गुलामाची व्याख्या आणतो : जो दुसऱ्यानं ठरवलेल्या हेतूसाठी हातपाय हलवतो तो गुलाम. कायद्यानं गुलामगिरी असो नसो. जे काम माणूस करतो त्याचा अर्थ त्याला माहीत नाही, त्यात त्याचा जीव नाही, तिथं गुलामगिरीच. ड्यूई पुढं कारखान्यावर येतो. प्लेटोची ही व्याख्या बाबासाहेबांनीही उचलली आणि जातीनं नेमून दिलेल्या धंद्याला लावली. साच्यासमोर आठ तास उभं राहणाऱ्याला ही व्याख्या समजावून सांगावी लागत नाही. कापड कुणाच्या अंगावर जाणार, भाव कोण ठरवणार, आपल्याला काय ठाऊक? आपण तुटलेला धागा जोडायचा.

आता खरी गोष्ट. लोक समजतात की हा शब्द बाबासाहेबांनी १९३६ मध्ये पहिल्यांदा वापरला. नाही. महाराष्ट्र सरकारनं १९७९ मध्ये काढलेला पहिला खंड उघडा. त्यातच साऊथबरो समितीपुढचं निवेदन आहे. मताचा हक्क कुणाला द्यायचा ते ठरवायला ही समिती आली होती. २७ जानेवारी १९१९ ला बाबासाहेबांची साक्ष झाली. वय सत्तावीस. सिडनेहॅम कॉलेजात नुकतेच प्रोफेसर झालेले. पाठीमागं ना पक्ष, ना पत्र. 'मूकनायक' निघायला अजून वर्ष होतं. आणि त्या इंग्रज साहेबांपुढं या तरुणानं एन्डॉस्मॉसिस हा शब्द ठेवला.

कशासाठी ठेवला ते बघा. माणसांचे विचार एक होतात ते एकत्र वावरल्यानं, बोलल्याचालल्यानं. जिथं ही येजा आहे तिथं एक दुसऱ्याच्या वतीनं बोलू शकतो. हिंदुस्थानात गट आहेत, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे. पण हिंदू म्हणून जो एक गट दाखवतात तो एक नाहीच. स्पृश्य हिंदू वेगळा, अस्पृश्य हिंदू वेगळा. त्यांच्यामध्ये एन्डॉस्मॉसिस नाही. म्हणून स्पृश्य आमचा प्रतिनिधी होऊ शकत नाही. आम्हाला आमची माणसं कायदेमंडळात पाहिजेत.

हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. या शब्दाचा बाबासाहेबांच्या हातून पहिला वापर हक्काच्या मागणीत झालाय. 'येजा नाही' हा पुरावा म्हणून झालाय. एकोप्याचं गाणं म्हणायला नव्हे. १९१९ मध्ये तो आरोप होता आणि १९३६ मध्ये तोच शब्द ध्येय झाला. मधल्या सतरा वर्षांत काय घडलं ते आपल्याला पाठ आहे, पण या शब्दाचा चष्मा लावून परत बघू.

४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव पास झाला, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केलं. पडद्याला भोकं पडली, पण कागदावर. पाणी जागचं हललं नाही. मग २० मार्च १९२७ ला हजारो माणसं रांगेनं चवदार तळ्यावर गेली. रेटा लागला तेव्हा ओंजळभर पाणी हललं. नंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून मंत्र म्हणत तळं शुद्ध केलं. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

शेण चालतं, मूत चालतं, माणसाची ओंजळ चालत नाही. द्युत्रोशेचा पडदा इथं नीट समजतो. पडदा म्हणजे भिंत नव्हे. भिंतीतून काहीच जात नाही. पडदा निवड करतो : हे येऊ द्या, ते थोपवा. जातीला आपण भिंत भिंत म्हणतो ते अर्धंच खरं आहे. गावानं आपल्याकडून काय आत घेतलं नाही? आपले कष्ट घेतले. आपण कमावलेल्या कातड्याच्या चपला घेतल्या, आपला हलगीचा ताल लग्नात घेतला, आपल्या शाहिरांचा आवाज घेतला. माणूस तेवढा वेशीबाहेर ठेवला. हा पडदाच आहे, फार हुशार पडदा.

गिरणीत तर हा पडदा सुईच्या टोकाएवढा झाला होता. जुनी माणसं सांगत आली आहेत आणि इतिहासातही नोंद आहे. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार चांगला. पण तिथं अस्पृश्याला घेत नसत. त्याला रिंगखात्यात नाहीतर तसल्याच कमी पगाराच्या कामावर ठेवत. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. एकाच धोट्याला आज याचं तोंड, उद्या त्याचं. महाराची थुंकी लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावायचा काय, असं म्हणणारे मालक नव्हते, कामगारच होते. लाल बावट्याखाली उभे राहणारे कामगार. १९२८ चा मोठा संप सहा महिने चालला, तेव्हा बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला : आमच्या माणसांना साचेखातं खुलं करता की नाही? वर्गाची एकी सांगणाऱ्यांना ते अवघड गेलं. आता तो धोटाही गेला. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, तिथं टॉवर उभे राहिले. धोट्याच्या त्या भोकातून सूत जात होतं, माणूस जात नव्हता. एन्डॉस्मॉसिस नसणं म्हणजे काय, हे यापेक्षा बारीक कुठं दाखवता येईल मला माहीत नाही.

आता त्या सदगृहस्थांकडं येतो. १९८३ मध्ये सामाजिक समरसता मंच निघाला, तेव्हापासून हा समरसतेचा शब्द बाबासाहेबांच्या फोटोशेजारी टांगला जातोय. समरस म्हणजे एकाच रसाचं होणं. पाण्यात मीठ टाकलं की मीठ दिसेनासं होतं, ते समरस. यात मीठ कोण आणि पाणी कोण, हे विचारायची सोय नाही. एन्डॉस्मॉसिसमध्ये ती सोय आहे. कुठून कुठं जातंय, किती जातंय, पडदा काय थोपवतोय, हे प्रश्न त्या शब्दाच्या पोटातच आहेत. एका पंगतीत जेवण झालं, फोटो निघाला, जेवणारे आपापल्या घरी गेले, पोरीचं लग्न परत जातीतच लागलं. याला एन्डॉस्मॉसिस म्हणू नये. बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात सहभोजन अपुरं आहे, आंतरजातीय लग्न पाहिजे, आणि त्याच्याही आधी ज्या शास्त्रांनी जात पवित्र केली त्यांची सत्ता मोडली पाहिजे, असं सांगून ठेवलंय. म्हणजे पडद्याला टाचणीनं एक भोक पाडून भागत नाही, ज्या वस्तूचा पडदा बनलाय तिलाच हात घाला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करतो. रेटा हा अर्थ मी ग्रीक मुळातून ओढून काढलाय. ड्यूईच्या वाक्यात जोर आहे तो दोन्हीकडच्या देवाणघेवाणीवर. नुसता रेटा धरून बसलो आणि देवाणघेवाण विसरलो तर आपणही अर्धाच शब्द वापरू. आपल्या आपल्यातले पडदे बघा. महार, मांग, चांभार, ढोर. आपल्या वस्तीत किती येजा आहे? कार्यकर्त्यांच्या घरातली बाई सभेला येते, पण बोलते का? तिथं हा शब्द लावून बघा, चटका बसतो. मला माझ्या घरातच बसला.

बाबासाहेब या परदेशी शब्दापाशी थांबले नाहीत. त्यांच्या हयातीत न छापलेल्या 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये (खंड ४, १९८७) ते म्हणतात की स्वातंत्र्य आणि समता यांना टिकवून धरणाऱ्या भावनेसाठी बंधुता हा फ्रेंचांचा शब्दही पुरा पडत नाही, बुद्धानं वापरलेला मैत्री हाच योग्य शब्द. १९१९ मध्ये प्रयोगशाळेतला शब्द, शेवटी बुद्धाचा शब्द. मला यात कुठं उडी दिसत नाही. मैत्रीलाही पडदा चालत नाही.

१९५२ च्या जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठानं बाबासाहेबांना मानाची पदवी दिली. त्यासाठी ते निघाले असतानाच, १ जूनला, ड्यूई वारला. भेट राहिली. आपलं सगळं बौद्धिक आयुष्य या माणसाचं ऋणी आहे, असं त्यांनी माईसाहेबांना पत्रात लिहिलं.

भाषणात हा शब्द वापरायचा तर खुशाल वापरा, पण वापरलात की तिथल्या तिथं मनुकांची गोष्ट सांगा, नाहीतर माणसं तोंडाकडं बघत बसतील. आमच्या अभ्यास मंडळात पुढल्या रविवारी साऊथबरोचं निवेदन वाचायला घेतोय. इंग्रजी जड आहे, दोन पानांना दोन तास लागतील. पहिला खंड ज्याच्याकडं असेल त्यानं घेऊन यावा, आमच्या प्रतीची मधली पानं वाळवीनं खाल्लीत.